निधी मिळाला, माणसं गेली

पत्राचा सारांश : पत्रलेखिका साधारण साठ घरांच्या वस्तीत राहतात. घरांच्या दोन रांगांमध्ये जमिनीचा एक तुकडा रिकामा आहे. रहिवाशांनी स्वतः करायच्या उपक्रमांसाठी एक संस्था छोटा निधी देते, असं त्यांना कळलं. त्या जागेत बाकं, थोडी झाडं आणि मुलांसाठी पुस्तकांचं कपाट करावं, असा अर्ज त्यांनी एकटीनं लिहिला, दारोदार फिरून सह्या घेतल्या आणि निधी मंजूर झाला. पहिल्या बैठकीला खोली भरली, दुसरीला निम्मे आले, तिसरीला चौघं. ‘पैसे आलेत ना, मग माणसं लावून करून घ्या,’ असं एकानं व्हॉट्सअॅप ग्रुपवर सुनावलं. अजून काहीच खर्च झालेला नसताना एक गृहस्थ दर आठवड्याला हिशेब विचारतात. इतकी वर्षं त्या तुकड्यावर आपणहून झाडलोट करणारे, तिथली चार झाडं जगवणारे एक काका तिकडं फिरकायचेच बंद झालेत. ‘आता निधीवाले बघतील,’ म्हणाले. मुदतीचे चार महिने उरलेत. पैसे परत करावेत, ठेकेदाराला देऊन मोकळं व्हावं की एकटीनंच काम तडीस न्यावं? ‘आमच्याकडच्या लोकांना कशाचं काही पडलेलंच नाही,’ असं त्या शेवटी म्हणतात. सोबत अर्जाची प्रत आहे.

ताई,

पैसे परत करू नका, निदान एवढ्यात तरी नको. ठेकेदारालाही इतक्यात बोलावू नका. आणि एकटीनं तडीस न्यायचा विचार तर डोक्यातून काढूनच टाका, कारण तो जमला तर जास्त पंचाईत होईल. पुढची दहा वर्षं बाकाचा पाय मोडला की लोक तुमचंच दार वाजवतील, आणि त्यांचं फारसं चुकणारही नाही.

तुमच्या पत्रापेक्षा मी तुमच्या अर्जावर जास्त रेंगाळले. पहिल्याच रकान्यात ‘समस्येचं स्वरूप’ विचारलंय आणि त्याखाली तुम्ही लिहिलंय : ‘सदर जागा अनेक वर्षांपासून पूर्णपणे दुर्लक्षित असून तिच्याकडे कोणाचेही लक्ष नाही.’ पत्रात मात्र तुम्हीच सांगता, की एक काका तिथं झाडायचे, झाडांना पाणी घालायचे. हीच अर्जाची प्रत घेऊन तुम्ही सह्यांसाठी घरोघर गेलात. काकांची सही घेताना त्यांनी ते वाक्य वाचलं का, मला ठाऊक नाही. वाचलं असेल, तर त्यांनी हातातला झाडू का ठेवला, हे मला समजू शकतं.

यात तुमचा वाटा थोडा आणि अर्जाच्या नमुन्याचा जास्त. निधी देणाऱ्यांचे बहुतेक अर्ज आधी उणीव विचारतात. काय नाही, काय बिघडलंय, किती वाईट अवस्था आहे ते सांगा, म्हणजे पैसे मिळतील. मग आपणही जरा तिखटमीठ लावून लिहितो. जॉन मॅकनाइट आणि जॉन क्रेत्झमन या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९९३मध्ये नेमक्या याच सवयीवर बोट ठेवलं होतं. वस्तीकडे तिच्या कमतरतांची यादी म्हणून पाहिलं, की तिथल्या माणसांना काय येतं, ती आधीपासून काय करताहेत, हे दिसेनासं होतं. आणि हळूहळू तिथली माणसंही स्वतःकडे गरजू म्हणूनच पाहू लागतात, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा उलटा मार्ग साधा आहे : आधी जे आहे ते मोजा. कोण काय करतं, कुणाकडे काय अवजारं आहेत, कुणाला कशाची हौस आहे. तुमच्या वस्तीत ही मोजणी झालीच नाही. झाली असती तर यादीत पहिलं नाव काकांचं आलं असतं.

दुसरी गोष्ट पैशाची. इस्रायलमधल्या हैफा शहरात पाळणाघरांवर झालेला एक अभ्यास २०००मध्ये प्रसिद्ध झाला. संध्याकाळी मूल न्यायला उशीर करणाऱ्या पालकांना काही पाळणाघरांनी दंड लावला. उशीर कमी होईल, अशी अपेक्षा; प्रत्यक्षात तो वाढला. पुढे दंड उठवला, तरी पालक पहिल्यासारखे वेळेवर येईनात. दंड येण्याआधी पाळणाघरातल्या बाईंना ताटकळत ठेवण्याचा संकोच होता. दंड आला आणि तो उशिराचा भाव झाला. तुमचा निधी म्हणजे दंड नव्हे, पण पैसा आल्यावर जुना मामला नव्यानं ठरतो तो असाच. कालपर्यंत काका आपल्या मनानं झाडत होते. आज त्याच कामासाठी कुणाच्या तरी खात्यात रक्कम आहे. मग ते फुकट का झाडतील? आणि पैसे घेऊन तरी का झाडतील? ते काही झाडलोटीच्या कामाला लागलेले नव्हते. ग्रुपवर ‘माणसं लावा’ म्हणणाराही याच हिशेबानं बोलतोय. त्याच्या मते काम विकत घ्यायची सोय झाली आहे, तेव्हा आपली गरज संपली.

म्हणून सगळ्यात आधी काकांकडे जा. बैठकीचं निमंत्रण द्यायला जाऊ नका आणि ‘तुमचा मान राखायचा राहून गेला’ असलं भाषणही नको. त्यानं दोघंही अवघडाल. त्यांना त्या तुकड्यावर घेऊन जा आणि विचारत सुटा. पाऊस झाला की पाणी कुठं साचतं? दुपारी कुठल्या कोपऱ्यात सावली असते? चार झाडांपैकी कुठलं आधी सुकायला लागतं? कचरा नेमका कुठून पडतो, गल्लीतून की वरच्या खिडकीतून? निधीचा विषय त्यांनी काढला तरच बोला. तुमच्या नकाशात बाकं भिंतीलगत आहेत. समजा, काका म्हणाले, ‘तिथं पावसाळ्यात चिखल होतो.’ तर तिथल्या तिथं पेन काढून बाक हलवा, त्यांच्या देखत. बैठकीच्या इतिवृत्तात ‘सूचनेची नोंद घेतली’ असं लिहिण्यापेक्षा त्याची किंमत कितीतरी जास्त. ते परत झाडायला लागतील याची हमी मी देत नाही. कदाचित लागणार नाहीत. पण त्या जागेचं जे त्यांना ठाऊक आहे, ते तुमच्या नकाशाला अजून ठाऊक नाही.

आता ‘लोकांना काही पडलेलं नाही’ हे वाक्य. पहिल्या बैठकीला खोली भरली होती, हे तुम्हीच लिहिलंय. ज्यांना काही पडलेलं नसतं ती माणसं कामावरून दमून आल्यावर बैठकीला येत नाहीत. ती आली, म्हणजे उत्सुकता होती. मग तिथं काय झालं? तुमच्याच वर्णनावरून सांगते. तुम्ही नकाशा दाखवलात, खर्चाचा अंदाज वाचलात आणि शेवटी ‘काही सूचना?’ म्हणालात. तीन सूचना आल्या. पुढच्या बैठकीत तुम्ही सांगितलंत, की त्या मंजूर खर्चात बसत नाहीत. आता त्या खुर्चीत बसलेल्या माणसाच्या बाजूनं बघा. ठरायचं ते ठरलंय, पैसे आलेत, काय होणार तेही कळलं. तिसऱ्यांदा यायचं ते कशासाठी?

नागरिकांचा सहभाग म्हणून जे जे चालतं, त्याची एक आठ पायऱ्यांची शिडी शेरी अर्नस्टाइन या अमेरिकी धोरणतज्ज्ञ बाईंनी १९६९मध्ये मांडली. अगदी खालच्या दोन पायऱ्यांवर लोकांना नुसतं गुंडाळलं जातं. मधल्या पायऱ्या माहिती देणं, मत विचारणं वगैरेंच्या. या मधल्या पायऱ्यांना अर्नस्टाइनबाईंनी देखाव्याचा सहभाग म्हटलं. खरा सहभाग वरच्या पायऱ्यांवर सुरू होतो, जिथं निर्णयातला काही भाग लोकांच्या हातात असतो. पन्नासहून अधिक वर्षं झाली, तरी बैठका घेणारे बहुतेक जण मधल्याच पायरीवर उभं राहून ‘लोक येत नाहीत’ म्हणतात. सरकारी कचेऱ्याही करतात, आपणही करतो. तुमची नियत साफ आहे, यात मला शंका नाही. पण पायरी तीच आहे.

तेव्हा मी म्हणेन, चौथी बैठक घेऊच नका. महिनाभर बैठक हा प्रकार बंद. त्याऐवजी कामाचे तुकडे पाडा, इतके लहान की जिन्यात उभ्या उभ्या कुणी ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणू शकेल. ‘मदत करा’ या हाकेला कुणी ओ देत नाही, कारण ती कुठं सुरू होते आणि कुठं संपते ते कळत नाही. एकदा हो म्हटलं की गळ्यात काय पडेल, याची धास्ती असते. ‘शनिवारी सकाळी आठ ते दहा कपाटाच्या फळ्यांना रंगाचा पहिला हात द्यायचाय, ब्रश आमच्याकडे आहेत, तुम्ही याल?’ याला मात्र उत्तर देता येतं. असे वीस-पंचवीस तुकडे सहज निघतील. घरातली जुनी पुस्तकं गोळा करणं, फाटलेल्यांना चिकटपट्टी लावणं, फळ्या कापून आणणं, झाडांचं पाणी आठवड्यातल्या वारांनुसार वाटून घेणं, मुलांनी कपाटावर काय रंगवायचं ते मुलांनीच ठरवणं, कामाआधीचे आणि नंतरचे फोटो काढणं. रात्रपाळीवरून येणारा माणूस सकाळी सातला पाणी घालू शकतो. तो तुमच्या संध्याकाळच्या बैठकीला कधीच दिसला नसता.

आणि ग्रुपवर विचारू नका. ग्रुपवर विचारलेला प्रश्न साठ जणांना विचारलेला असतो, म्हणून कुणालाच विचारलेला नसतो. तोंडावर विचारा, एकेकाला, त्याला जमेल असंच काम घेऊन. पहिल्या बैठकीला आलेले आणि तिसरीला न दिसलेले कोण, याची यादी करा आणि तिथून सुरुवात करा. ‘माणसं लावा’ म्हणणाऱ्या गृहस्थांना सोडू नका. त्यांना म्हणावं, दोन-तीन ठिकाणांहून बाकांचे भाव काढून आणा. माणसं कुठं मिळतात, काय घेतात, हे त्यांना ठाऊक असणार, म्हणून तर ते तसं म्हणाले.

हिशेब विचारणाऱ्या गृहस्थांचा तुम्हाला राग आलाय. पत्रात त्यांच्यावर सगळ्यात जास्त ओळी खर्ची पडल्यात! मला मात्र ते तुमच्या वस्तीतले फार उपयोगाचे गृहस्थ वाटले. ते तुमच्यावर आळ घेताहेत, असं तुम्ही धरून चालला आहात. घेतही असतील. पण सार्वजनिक पैशाबद्दल आधी विचारणारा माणूस नंतर कुजबुजणाऱ्यापेक्षा केव्हाही बरा. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते सामाईक गोष्टी माणसं कशा सांभाळतात, या अभ्यासासाठी. कुरणं, मासेमारीच्या जागा, पाटाचं पाणी अशी जगभरातली उदाहरणं त्यांनी तपासली. ज्या व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या, त्यांतली एक खूण म्हणजे देखरेख करणारे एक तर वापरणाऱ्यांमधलेच होते किंवा त्यांना जबाब देणारे होते. तुमच्या दारात असा एक देखरेख करणारा बिनपगारी चालून आलाय. त्याला दारातच का उभं करता?

त्यांना सांगा, खर्चाच्या प्रत्येक पावतीवर तुमच्याबरोबर त्यांचीही सही लागेल. निधी तुमच्या वैयक्तिक खात्यात असेल तर तो आधी तिथून हलवा. दोघांच्या सहीचं वेगळं खातं उघडता आलं तर उत्तम. नाही तर निधी देणाऱ्यांच्या परवानगीनं एखाद्या नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात ठेवून तिच्यामार्फत खर्च करा. मग एक मोठा कागद घ्या आणि येण्याजाण्याच्या वाटेवर चिकटवा. चार रकाने पुरे : तारीख, कशासाठी, किती, शिल्लक. संगणकावर छापू नका, हातानं लिहा, म्हणजे पुढची ओळ वाढवायला कुणाची वाट पाहावी लागणार नाही. आज त्यावर एकच ओळ असेल : निधी जमा, खर्च शून्य. तीही लावा. त्या शेजारी दुसरा कागद लावा, तासांचा. कुणी किती वेळ काम केलं ते ज्यानं त्यानं लिहायचं. हा दुसरा कागद का, ते पुढं येईलच. पावत्यांचे फोटो त्याच दिवशी काढून ठेवा, कारण दुकानातल्या पावत्यांची शाई उडते आणि अहवालाच्या वेळी हातात कोरा कपटा उरतो. तुमच्या नात्यातल्या कुणाकडून सामान घेणार असाल तर आधी कागदावर तसं लिहून मग घ्या. नंतर कळलं तर भाव कितीही कमी असो, उपयोग नाही.

एक गोष्ट तुमच्या पत्रात आणि अर्जातही मला सापडली नाही, आणि ती खर्चाला हात घालण्याआधी तपासायला हवी. तो तुकडा कुणाच्या मालकीचा आहे? रिकामा आहे म्हणून तो कुणाचाच नाही, असं होत नाही. मालकाची लेखी परवानगी हवी. बाकं रोवायची म्हणजे जमीन खणायची, तर खालून पाण्याच्या किंवा विजेच्या वाहिन्या जातात का, तेही विचारायला हवं. हे कागद हातात येईपर्यंत बाकांवर एक पैसाही घालू नका. पुस्तकांचं कपाट तोवर कुणाच्या तरी जिन्याखाली सुरू करता येईल. जास्त घर्षण न होता लोक एकत्र येतात ते बहुधा अशा हलवता येणाऱ्या गोष्टींभोवतीच, म्हणून तसंही मी कपाटापासूनच सुरुवात केली असती.

आता निधी देणाऱ्यांचं. त्यांना तुम्ही अजून काहीच कळवलेलं नाही, असं दिसतं. ‘काय म्हणतील’ ही धास्ती मी समजू शकते, पण या आठवड्यात फोन करा. छोटे निधी देणारी माणसं अडचणी ऐकून दचकत नाहीत. अहवालाच्या वेळी अचानक कळलं की मात्र दचकतात. काय मागायचं ते नीट ठरवून मागा : मुदतवाढ, आणि खर्चाच्या बाबी बदलायची लेखी परवानगी. तोंडी ‘चालेल’ वर थांबू नका. फोन झाला की तेच बोलणं ई-मेलनं लिहून पाठवा आणि उत्तर जपून ठेवा.

हे मागताना तुम्ही काही जगावेगळं मागत नाही आहात. अमेरिकेतल्या सिएटल शहरानं १९८८मध्ये वस्त्यांसाठी असा निधी सुरू केला. मूळ अट अशी होती, की शहर जितके पैसे देईल, तितक्याच मोलाची भर रहिवाशांनी घालायची. मात्र ती भर रोख रकमेतच हवी असं नाही. सामान चालतं, कुणाचं व्यावसायिक कौशल्य चालतं आणि स्वयंसेवकांचे तासही रीतसर भाव लावून धरले जातात. तुमचा तासांचा कागद त्यासाठीच. तुमच्या निधीला अशी अट नसली, तरी ‘आमच्या माणसांनी एवढे तास घातले’ हे तुम्हाला दाखवता येईल आणि बाकांचा फोटो जे सांगत नाही ते तो कागद सांगेल. वेळेचं म्हणाल, तर इंग्लंडमध्ये २०१०नंतर लॉटरीच्या निधीतून १५० भागांना प्रत्येकी किमान १० लाख पौंड दिले गेले, तेही दहा वर्षं किंवा त्याहून जास्त काळात रहिवाशांनीच ठरवून खर्च करण्यासाठी. वर्षअखेर म्हणून पैसे संपवायची घाई तिथं मुद्दाम ठेवली नव्हती. तुमची रक्कम त्याच्या पासंगालाही पुरणार नाही, पण माणसं एकमेकांशी बोलायला लागायला जो वेळ लागतो, तो रकमेच्या प्रमाणात कमी होत नाही. चार महिने ही देणाऱ्यांच्या हिशेबाची सोय आहे. मागून पाहा.

परवानगी मिळालीच तर खर्चाचा एक भाग वेगळा काढा आणि तो वस्तीलाच वाटू द्या. अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये २०१०पासून अशा संध्याकाळी व्हायच्या : लोक दारात थोडे पैसे देऊन जेवायला जमत, चार जण आपापली कल्पना चार-चार मिनिटांत मांडत, जेवता जेवता चर्चा होई आणि मग मतदान. दारात जमलेली सगळी रक्कम जिंकणाऱ्या कल्पनेला. तुम्हाला एवढा घाट घालायची गरज नाही. मूठभर छोट्या रकमा ठेवा आणि ज्याला त्या जागेसाठी काही करायचंय त्यानं चार ओळींत सांगावं, बाकीच्यांनी हात वर करून ठरवावं. तुम्हाला न पटणारं काहीतरी निवडलं जाईल. जाऊ द्या. तुमच्या वस्तीत ‘आम्ही ठरवलं’ असं कुणी पहिल्यांदा म्हणेल ते बहुधा अशाच एखाद्या गोष्टीबद्दल.

ठेकेदार पूर्ण बाद करू नका. वीज, पाया, जड लोखंडी काम, उंचावरचं काम यांत हौशी हातांनी पडू नये. कुणाच्या बोटावर काही पडलं तर सामुदायिक भावना वगैरे सगळं बाजूला राहील. बाकं रोवायला माणूस लावा. ती कुठं रोवायची, ते मात्र वस्तीनं ठरवू दे.

आणि परत करायची वेळ कधी आली असं समजायचं? जागेची परवानगी मिळालीच नाही आणि कपाटासारखा दुसरा मार्गही देणाऱ्यांना मान्य नसेल तेव्हा. किंवा तुम्ही दीडएक महिना दारोदार खरोखर विचारत फिरलात आणि आठ-दहा घरांनीही एखादा तुकडा उचलला नाही तेव्हा. मग खर्च न झालेली रक्कम परत करा आणि का करतोय ते त्या भिंतीवरच्या कागदावर लिहा. तेही चार लोकांत मान खाली घालायला लावणारं नाही. जागा आधी होती तशीच राहील आणि तुमच्यावर दहा वर्षांची देखभाल पडणार नाही.

‘एवढ्याशा बाकांसाठी एवढा खटाटोप?’ असं तुमच्या घरातलं कुणी म्हणालं, असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. जुलै १९९५मध्ये शिकागोत उष्णतेची लाट आली आणि सातशेहून जास्त माणसं दगावली. त्यांतले पुष्कळ जण वयस्क, एकटे राहणारे होते. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लिननबर्ग यांनी पुढे शेजारशेजारच्या दोन वस्त्या तपासल्या. दोन्हींकडे गरिबी होती, एकटी म्हातारी माणसंही होती, पण एकीतलं मृत्यूचं प्रमाण दुसरीच्या कितीतरी पट. कमी मृत्यू झालेल्या वस्तीत रस्ते गजबजलेले होते. माणसं घराबाहेर पडत, एकमेकांना दिसत. दुसरीतली दुकानं बंद पडलेली, घरं ओस, आणि म्हातारी माणसं दार लावून आत. तेव्हा बाक म्हणजे फक्त बाक, हे मला तितकंसं पटत नाही. दुपारी तिथं रोज बसणाऱ्या आजी दोन दिवस दिसल्या नाहीत, हे कुणाच्या तरी ध्यानात येईल, यासाठी ते आहे. पण ते तेव्हाच ध्यानात येईल, जेव्हा बसणारी माणसं एकमेकांना नावानं ओळखत असतील. ठेकेदारानं आठवड्यात ठोकून दिलेल्या बाकांवर ती ओळख वेगळी करावी लागते.

एक कटू वाटेल असं सांगू का? पत्रात एके ठिकाणी ‘मी नसते तर हा निधी आलाच नसता’ असं आहे. शंभर टक्के खरं. तुमच्याशिवाय तो अर्ज कुणी भरला नसता. पण हे वाक्य तुम्ही बैठकीतही बोलला असाल, निदान चेहऱ्यावर दाखवलं असेल, असं मला वाटतं. ते खरं असल्यामुळेच समोरच्याला त्यावर काही बोलता येत नाही, आणि ज्याच्याशी बोलता येत नाही त्याच्या कामात माणूस हात घालत नाही. तुमच्या कष्टांचं कौतुक व्हायला हवं होतं, ते झालं नाही, याचं मला वाईट वाटतं. ते कौतुक घरच्यांकडून, मैत्रिणींकडून हक्कानं वसूल करा. वस्तीकडून त्याची वसुली आत्ता होणार नाही.

तुम्ही थकलाही आहात. तेव्हा या आठवड्यात फक्त तीनच कामं : काकांबरोबर त्या तुकड्यावर एक फेरी, निधी देणाऱ्यांना एक फोन आणि भिंतीवर हिशेबाचा कागद. जमिनीच्या मालकीची चौकशी हिशेबवाल्या गृहस्थांवर सोपवा. ते दर आठवड्याला विचारत येतातच, तर आता उत्तर त्यांनी आणायचं.

तळटिपेत तुम्ही विचारलंय, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करावा का. करावा, पण तुम्ही नाही. पहिलं नाव दुसऱ्या कुणाचं तरी असू दे. पुस्तकांना चिकटपट्टी लावायला येणाऱ्यांपैकी किंवा पाण्याचा वार न चुकवणाऱ्यांपैकी कुणी असेल. तुम्ही त्यांच्या शेजारी बसून रकाने समजावून सांगा, जुन्या पावत्या दाखवा, खर्चाच्या बेरजा तपासा. ‘समस्येचं स्वरूप’ या रकान्यापाशी त्यांना जरा थांबवा आणि तिथं आधी काय काय आहे ते लिहायला लावा. आणि पुढं यायला कुणीच तयार नसेल, तर ते वर्ष तसंच जाऊ द्या.